साखरेची पानगळ

मागच्या अंकात नानखटाईवर लिहिलं होतं. ते वाचून एका भगिनीचं पत्र आलं. त्या नुकत्याच अमेरिकेत, न्यू जर्सीला मुलीकडे तीन महिने राहून आल्या. नात तिथे दुसरीत शिकते. ऑक्टोबर लागला की तिच्या वर्गात झाडाच्या पानांच्या, भोपळ्यांच्या आकाराची बिस्किटं येतात, वर लाल-पिवळ्या साखरेचं गुळगुळीत नक्षीकाम. मुलीने घरात नियम करून टाकला आहे की कुणीही दिलं तरी घ्यायचं नाही, आणि पार्टीच्या दिवशी शाळेतच जायचं नाही. आजीला ते पटत नाही. पण त्या बिस्किटात नेमकं काय असतं हेच ठाऊक नसल्यामुळे मुलीशी वाद घालता येत नाही. त्यांनी दोन प्रश्न विचारलेत. त्यात न खाण्यासारखं काय असतं? आणि ती घरी करता येतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. येतात, आणि आपल्या घरच्या मुलींना तर फारच चांगली येतात, त्याचं कारण पुढे सांगते. पहिल्या प्रश्नाला जरा वेळ द्यायला हवा.

त्याआधी त्या नातीबद्दल. मी शाळेत शिकवते, त्यामुळे असं मूल मला रोज दिसतं. कुणाचा तरी वाढदिवस असतो, वर्गात केक किंवा चॉकलेट वाटलं जातं, आणि दोन-तीन मुलं ते हातात धरून बसतात. कुणी जैन असतं, त्याला अंड्याची शंका असते. कुणी आपलं असतं, त्याला जिलेटिनची. एक मुलगा टॉफी कंपासपेटीत ठेवून घरी नेतो, अम्मीला दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी मला सांगतो, "टीचर, चालतं होतं." सहा-सात वर्षांच्या मुलाने एवढा सब्र करावा याचं कौतुक वाटतं. पण सगळे खात असताना हात आवरून बसणं त्याला किती जड जातं, तेही दिसतं. म्हणून मला वाटतं, फक्त "नको" म्हणणारं घर अर्धंच काम करतं. उरलेलं अर्धं काम म्हणजे त्याच्या हातात असं काही देणं, जे तो बिनधास्त खाईल आणि चार जणांना वाटेलही.

आता हे बिस्किट. अमेरिकेत त्याला शुगर कुकी म्हणतात. मुख्यतः मैदा, लोणी, साखर आणि अंडं. कुकी हा शब्द डचांचा. त्यांच्या भाषेत छोट्या केकला जे म्हणतात, त्यावरून तो आला. सुरतेच्या डच भट्टीतून आपली नानखटाई निघाली असं सांगतात, म्हणजे दोघींचं माहेर जवळजवळ एकच. वरच्या साखरेच्या लेपाला रॉयल आयसिंग म्हणतात. अंड्याचा पांढरा भाग आणि अगदी बारीक साखर एकत्र फेटून ते करतात. वाळलं की ते खडूसारखं कडक आणि मॅट होतं. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राफाल्ड या बाईंच्या १७६९ सालच्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर साखरेचा असे दोन थर द्यायला सांगितलं आहे. कडक वाळणाऱ्या पांढऱ्या साखरेची ही परंपरा जुनी आहे, आणि केकवरून ती बिस्किटांवर उतरली.

आणि पानंच का? आपल्या इंग्रजीच्या पुस्तकात ऑटमचा अर्थ शरद ऋतू असा दिलेला असतो आणि दरवर्षी मुलं गोंधळतात. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. तेव्हा आपल्याकडे भात कापणीला आलेलं असतं, झाडं हिरवीगार असतात. पानगळ येते ती शिशिरात. उर्दूच्या तासाला हीच मुलं 'ख़िज़ाँ' शिकतात. तिथे ती विरहाची, उजाड बागेची निशाणी. अमेरिकेतल्या ईशान्येकडच्या राज्यांत मात्र हा वर्षातला सर्वांत देखणा महिना असतो. त्या ऋतूला ते बोलीभाषेत 'फॉल' म्हणतात, म्हणजे सरळ पानगळच. लोक गाड्या काढून नुसती झाडं बघायला जातात.

पानं रंग का बदलतात हे मुलांना बिस्किटं रंगवताना जरूर सांगा, कारण त्यात एक गंमत आहे. दिवस लहान झाले की झाड पानातलं हिरवं द्रव्य मोडून टाकतं. पिवळा आणि नारंगी रंग पानात आधीपासूनच असतो, तो हिरव्याखाली झाकलेला असतो, एवढंच. लाल रंग मात्र तेव्हा नव्याने तयार होतो, आणि तो तयार होतो पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून. दिवसा चांगलं ऊन आणि रात्री थंडी, पण गोठवणारी नाही, असं हवामान मिळालं की ती लाली जास्त चढते. सुब्हानअल्लाह, मेपलच्या पानावरचा तो लाल रंगही साखरेचीच करणी आहे.

हे बघायला अमेरिकेलाच जायला हवं असं नाही. काश्मिरात या ऋतूला हरूद म्हणतात आणि चिनारची पानं ऑक्टोबर-नोव्हेंबरात आधी सोनेरी, मग तांबूस होतात. श्रीनगरला काश्मीर विद्यापीठाच्या आवारातल्या नसीम बागेत मोगलांच्या काळापासून चिनारांची राई आहे. चिनारचं पान तिथल्या शालींवर, अक्रोडाच्या लाकडावर, कागदी लगद्याच्या डब्यांवर सगळीकडे कोरलेलं, रंगवलेलं असतं. मेपलचा साचा मिळाला नाही म्हणून अडून बसू नका. चिनारचं पान काढा, तेही पाच बोटांच्या पंजासारखंच असतं.

आता मुद्द्याचं. बिस्किटात काय असतं?

पहिला नंबर व्हॅनिलाचा. अमेरिकेत बाटलीवर 'व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट' असं लिहायचं असेल तर कायद्यानेच त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावं लागतं. वाचून दचकलात ना? भट्टीत ते उडून जातं असं म्हणतात. सगळं उडत नाही हा एक भाग. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. रॉयल आयसिंग भट्टीत जातच नाही. ते कच्चंच फेटतात आणि कच्चंच वाळवतात, म्हणून त्यात घातलेलं व्हॅनिला जसंच्या तसं राहतं. आपल्याकडे मिळणारे बरेचसे इसेन्स कृत्रिम असतात आणि वेगळ्या द्रवात विरघळवलेले असतात, तरी बाटली फिरवून घटक वाचाच. तिकडे ग्लिसरीनमधलं, बिनअल्कोहोलचं व्हॅनिला मिळतं. मी म्हणते, वेलची घाला. आपल्या तोंडाला ती जास्त रुचते आणि प्रश्नच मिटतो.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. आपल्याकडे पाकिटावर हिरवी खूण दिसली की आपण निश्चिंत होतो. ती खूण फक्त एवढंच सांगते की दूध-मधासारखे अपवाद सोडले तर आत प्राणिजन्य काही नाही. अल्कोहोलबद्दल ती काहीही सांगत नाही. मांस, अंडी, जिलेटिन असेल तर तपकिरी खूण. ती आधी गोल होती, नव्या नियमांनुसार त्रिकोणी झाली. म्हणजे अंड्याच्या पावडरीवर तपकिरी त्रिकोण असेल आणि ती आपल्याला चालेल, आणि एखाद्या सुगंधाच्या बाटलीवर हिरवी खूण असेल आणि ती चालणार नाही. अमेरिकेत तर अशी सक्तीची खूणच नाही, तिथे घटकांची यादी वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा नंबर लाल रंगाचा. कार्माइन, कोचिनियल, ई १२० ही एकाच वस्तूची नावं. निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून हा रंग काढतात. पण नावं फसवी आहेत. कार्मोइसीन, म्हणजे ई १२२, आणि इंडिगो कार्माइन, म्हणजे ई १३२, हे कारखान्यात बनणारे कृत्रिम रंग आहेत, त्यांचा किड्याशी संबंध नाही. अमेरिकेत सर्रास दिसणारा 'रेड ४०' हाही किड्याचा नव्हे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये हे सगळे एकाच माळेत ओवलेले असतात, आणि मग जे चालतं तेही लोक टाकून देतात.

तिसरं, चकाकी. मोत्यांसारखे साखरेचे मणी आणि चमकदार गोळ्या यांच्यावर 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' किंवा ई ९०४ लिहिलेलं असतं. ती लाख. लाखेच्या बांगड्यांची तीच, झारखंडच्या जंगलांत पळसावर, कुसुमावर किडे जो स्राव सोडतात त्यापासून होणारी. किडा खाणं वेगळं आणि त्याचा स्राव वेगळा, मधाचंच उदाहरण घ्या, असं काही उलेमा म्हणतात. काहींचं मत वेगळं आहे. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. तुम्ही ज्यांना मानता त्यांना विचारा. मात्र विचारताना 'चमकीचे मणी चालतात का' असं विचारू नका, घटकाचं नाव सांगून विचारा, म्हणजे उत्तरही नेमकं मिळेल.

चौथं जिलेटिन. नुसत्या रॉयल आयसिंगमध्ये ते नसतं. पण याच ऋतूत तिकडे मक्याच्या दाण्यासारखी पांढरी-नारंगी-पिवळी 'कँडी कॉर्न' नावाची गोळी बिस्किटांवर चिकटवतात, तिच्यात बहुधा जिलेटिनही असतं आणि वरची लाखही. मार्शमॅलोचंही तेच. अमेरिकेत जिलेटिन पुष्कळदा डुकरापासून काढलेलं असतं. त्यामुळे त्या आईची भीती अगदीच निराधार नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अंड्याचा फेस टिकावा म्हणून कृतीत 'क्रीम ऑफ टार्टर' सांगितलेलं असतं. ही पांढरी पूड द्राक्षाच्या दारूच्या पिंपात जो साका बसतो त्यापासून शुद्ध करून काढतात. तीत अल्कोहोल राहत नाही. तरीही मन खात असेल तर लिंबाच्या रसाचे चार थेंब तेच काम करतात. आणि सुकलेल्या आयसिंगवर कुंचल्याने रंग द्यायचा असेल तर तिकडच्या कृतींत रंग चक्क व्होडकात कालवायला सांगतात, कारण पाण्याने साखर विरघळते आणि दारू लगेच उडून जाते. लेमन एक्स्ट्रॅक्ट हा त्याला सुचवलेला पर्यायही अल्कोहोलचाच असतो. तयार बिस्किटाच्या घटकांच्या यादीत हे येईलच याची खात्री नाही, आणि घरगुती बिस्किटाला तर यादीच नसते. म्हणूनच मी म्हणते, सुंदर रंगवलेलं बिस्किट दुसऱ्याकडून घेण्यापेक्षा आपणच करावं.

कुरआनात हलाल आणि तय्यब हे शब्द जोडीने येतात, सूरह बकरहच्या १६८ व्या आयतीत पाहा. हलालची चौकशी आपण खूप करतो. तय्यब म्हणजे स्वच्छ, निर्मळ, प्रकृतीला मानवणारं. त्याची चौकशी कमी होते. इथे ती करायलाच हवी, कारण अंड्याचा पांढरा भाग आपण कच्चा वापरणार आहोत. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर कच्चं अंडं नको. त्याऐवजी पाश्चराइज केलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची पावडर घ्या. मोठ्या शहरांत केकचं सामान मिळतं तिथे 'मेरँग पावडर' या नावाने तयार मिश्रण मिळतं. साधारण ४५० ग्रॅम आयसिंग शुगरला तीन मोठे चमचे पावडर आणि पाच मोठे चमचे पाणी. ते मिळालं नाही तर काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी गार करून फेटा, त्याचाही चांगला फेस होतो. ते आयसिंग वाळायला जरा जास्त वेळ घेतं, पण अंडं न खाणाऱ्या शेजारणीच्या मुलांनाही देता येतं. मला तेच आवडतं.

बिस्किटाचं पीठ पटकन सांगते. ११५ ग्रॅम मऊ लोणी आणि ८५ ग्रॅम पिठीसाखर फक्त एकजीव होईल इतकंच घोटा. फार फेटलंत तर हवा भरते आणि पान भाजताना पसरून त्याचा लाडू होतो. एक अंड्याचा बलक, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा वेलचीपूड घाला. २०० ग्रॅम मैदा घालून हलक्या हाताने गोळा करा, कोरडं वाटलं तर एखादा चमचा दूध. बेकिंग पावडर घालायची नाही, कडा नेटक्या राहायला हव्यात. दोन बटर पेपरमध्ये लाटा. जाडी सारखी यावी म्हणून दोन्ही बाजूंना दोन पेन्सिली ठेवून त्यांवरून लाटणं फिरवा, हा माझा वर्गातला उपाय. लाटलेलं तसंच अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग कापा. साचा नसेल तर पुठ्ठ्याचं पान कापून त्याच्या कडेने सुरी फिरवा. कापलेली पानं गार असतानाच १७५ अंशांवर दहा ते बारा मिनिटं भाजा, कडा जेमतेम बदामी झाल्या की काढा. मध्यम आकाराची अठरा-वीस पानं होतात. पूर्ण गार होईपर्यंत आयसिंगला हात लावू नका.

आता आयसिंग. एका अंड्याच्या पांढऱ्याला १७५ ते २०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाचे चार-पाच थेंब. घरी दळलेली पिठीसाखर कितीही बारीक वाटली तरी दरदरीत असते आणि नळीच्या तोंडाशी अडते. तीच वापरायची असेल तर मलमलच्या कापडातून गाळा. भांडं आणि फेटणी तेलकट असता कामा नये, तुपाचा एक थेंबसुद्धा फेस बसवतो. आधी लिंबाची फोड आतून फिरवून भांडं पुसून घ्या. साखर थोडी थोडी घालत फेटा, टोक उभं राहील इतकं घट्ट होऊ द्या. मग वाट्यांत वाटून घ्या आणि प्रत्येक वाटी वेगवेगळी पातळ करा, चमच्याने नाही, थेंबाथेंबाने.

सगळी कला या पातळपणात आहे. कडा काढायला आयसिंग टूथपेस्टसारखं हवं. आतला भाग भरायला त्याहून सैल. त्याची परीक्षा अशी: सुरीने वाटीत एक रेघ ओढा आणि मनात आकडे मोजा. रेघ साधारण पंधरा आकड्यांत मिटली तर भरायला योग्य. पाचातच मिटली तर ते कडेवरून ओघळून जाईल, साखर घाला. तिसापर्यंत मिटलीच नाही तर पाण्याचा एक थेंब. वाटीवर ओलं फडकं टाकून ठेवा, उघडं राहिलं की पाच मिनिटांत साय धरते.

आणि आता ते कारण, आपल्या मुलींना हे चांगलं का येतं. मेंदीचा कोन! चांदरातीला आपल्या घरात दहा वर्षांची पोरसुद्धा कोन धरून बहिणीच्या तळहातावर बेल काढते. आयसिंगची पिशवी म्हणजे तोच कोन. दाब वरून, अंगठ्याने. टोक हाताला टेकवायचं नाही, थोडं वर धरायचं आणि तार खाली पडू द्यायची, मग रेघ थरथरत नाही. शेवटी आधी दाब सोडायचा, मग टोक टेकवून उचलायचं, नाहीतर शेपूट राहतं. मेंदी भिजवल्यावर आपण ती कापडातून गाळतो, एक खडा आला तरी कोन तुंबतो म्हणून. इथेही तेच. तिकडे हे शिकायला पैसे भरून वर्ग असतात. दिवाळीच्या सुट्टीत आठवीतल्या मुलींना मी नुसतं आयसिंग भरलेले कोन दिले, त्यांनी दहा मिनिटांत पानाच्या शिरा काढल्या. एकीने तर मेंदीतली कैरी काढली आणि म्हणाली, हेही पानच आहे. मुलगेही बसले होते. त्यांच्या रेघा जाड आल्या, पण ओकचं पान जाड रेघांतच शोभतं. कोन मात्र मेंदीचा उरलेला घ्यायचा नाही, खाण्याच्या दर्जाच्या स्वच्छ प्लॅस्टिकचा किंवा बटर पेपरचा नवा वळायचा.

पान रंगवण्याची माझी आवडती रीत सांगते, तिला कुंचला लागत नाही आणि व्होडकाही नाही. पानाची कड पिवळ्या आयसिंगने काढा आणि दहा मिनिटं बसू द्या. आतला भाग सैल पिवळ्याने भरा. तो ओला असतानाच कडेकडेने नारंगीचे आणि टोकांशी लालचे बारीक थेंब सोडा. मग दात कोरायच्या काडीने कडेकडून मधल्या शिरेकडे हलकेच ओढा. रंग एकमेकांत शिरतात, पण पुरते मिसळत नाहीत, आणि खऱ्या पानासारखी छटा येते. हे सगळं दोन मिनिटांत उरकायचं. त्यानंतर साय धरते आणि काडी लावली की सुरकुत्या पडतात. एका वेळी एकच पान घ्या. शिरा दुसऱ्या दिवशी, पान पूर्ण वाळल्यावर, घट्ट तपकिरी आयसिंगने. दोन पानं सारखी व्हायला नकोत. झाडावरही नसतात.

रंग जेलचे घ्या, पाण्यासारखे रंग आयसिंग सैल करतात. वाळल्यावर रंग गडद होतो, म्हणून वाटीत हवा त्यापेक्षा फिकाच ठेवा. गर्द लालसाठी खूप रंग ओतला की आयसिंग कडू लागतं. घरातले रंगही चालतात. चिमूटभर हळद, कोमट पाण्याच्या थेंबात भिजवलेलं केशर, तपकिरीसाठी इन्स्टंट कॉफी. काश्मिरात पाम्पोरला केशर फुलतं तेही याच दिवसांत, चिनार तांबूस होतो तेव्हा.

न्यू जर्सीत ही बिस्किटं टेबलावर ठेवून झोपलं की सकाळी वाळलेली असतात. आमच्या कोकणात ऑक्टोबरची हवा दमट, घामाचे दिवस. तिथे तिकडची कृती जशीच्या तशी करून कुणी रडू नये. बिस्किट भरल्याबरोबर पंख्याखाली ठेवा, वरची साय लवकर धरली तर खड्डा पडत नाही. पाऊस पडून गेलेल्या दिवशी हे काम काढूच नका. फ्रिजमध्ये ठेवून वाळवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर पाणी सुटतं आणि लाल पिवळ्यात उतरतं. पूर्ण वाळायला आपल्याकडे बारा तास धरा, कधी चोवीसही लागतात.

राहिला पार्टीचा प्रश्न. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो, भुताखेतांची सोंगं आणि चेहरा कोरलेला भोपळा. त्यात आपण भाग घेऊ नये हे मलाही पटतं. पण पानं, शेंगा, सफरचंद, भोपळा हे त्या सणाचे नाहीत, त्या मुलुखाच्या ऋतूचे आहेत. तोंड-डोळे न कोरलेला भोपळा म्हणजे भाजीच. हुजूर (स.) यांना भोपळा आवडत असे, हजरत अनस (रजि.) यांची ती रिवायत प्रसिद्ध आहे. म्हणून वटवाघूळ आणि कवटी नको, पान आणि भोपळा खुशाल. चेहरे काढायला नको वाटतात अशा घरांसाठी तर पानाइतका सोयीचा विषय नाही. मशिदींच्या भिंतींवरही आपल्या कारागिरांनी पानं-वेलीच कोरल्या आहेत.

त्या आईला माझा निरोप एवढाच, की शाळा बुडवण्याआधी एकदा वर्गशिक्षिकेशी बोला. तिकडे बऱ्याच शाळांत ॲलर्जीमुळे घरचे पदार्थ आणायला बंदी असते, फक्त घटकांची यादी असलेली विकतची पाकिटंच चालतात. तसं असेल तर यादी वाचून एक पाकीट तुम्हीच निवडून द्या. बहुतेक शिक्षिकांना मदत करणारी आई हवीच असते. घरचं चालत असेल तर उत्तम, बदाम-काजू मात्र घालू नका आणि डब्यावर सगळे घटक स्वच्छ अक्षरांत लिहा. आपण दुसऱ्याच्या डब्यावर जे शोधत असतो, ते आपल्या डब्यावर असायला हवं. आणि रंगवायला मुलीला बसवा. "हे मी केलंय" असं सांगताना तिची मान खाली राहणार नाही.

वाळलेली बिस्किटं मध्ये बटर पेपर घालून हवाबंद डब्यात आडवी ठेवा, आठ-दहा दिवस छान राहतात. वाटीत आयसिंग उरतंच. ते टाकू नका. बटर पेपरवर नखाएवढी पानं काढून ठेवा, दोन दिवसांनी अलगद सुटतात. कोरड्या बरणीत ती महिनाभर टिकतात, मुलांच्या हाताला लागली नाहीत तर.